माळेतले अकरा रुपये

आज हप्ते आणि बँकेचे फॉर्म बाजूला ठेवतोय, तरी बोलणं पैशाबद्दलच आहे. आपल्या आजीच्या, पणजीच्या गळ्यात जो पैसा होता, त्याच्याबद्दल.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटातल्या मावशी बैठकीला आल्या त्या पदराला गाठ मारूनच. लेकीच्या बाळंतपणाला त्यांनी गटातून कर्ज घेतलं होतं. सोयाबीन पावसात भिजलं आणि तीन हप्ते थकले. त्यांनी गाठ सोडली आणि सतरंजीवर चांदीच्या रुपयांची माळ ठेवली. म्हणाल्या, "सासूची हाय. हिला मोडा अन् माझं खातं बंद करा बाई. झोप लागंना मला."

त्या आधीच एका सराफाकडे जाऊन आल्या होत्या. त्यानं सगळी माळ तराजूत टाकली, जुनी चांदी म्हणून घट धरली आणि एक आकडा सांगितला. मावशींनी तो मानलाही होता. आम्हीच म्हटलं, थांबा, मोडायची तर मोडू, पण आपण काय मोडतोय ते एकदा बघू तरी.

मग हिशोबाची वही बाजूला सारली आणि रुपये एकेक करून ओळीत मांडले. अकरा होते. पाचांवर राणी. एकावर बोडक्या डोक्याचा दाढीवाला राजा. एकावर दाढी आणि मुकुट दोन्ही असलेला. एकावर मुकुट आहे पण दाढी नाही. दोघांवर चारमिनार. आणि शेवटचा एक ओबडधोबड, कडा वाकड्या, त्यावर चेहरा नाही की इमारत नाही, नुसती फारसी अक्षरं. एका सासूच्या माळेत तीन राज्यं लटकत होती आणि आम्ही सगळ्या त्याला "जुने रुपये" एवढंच म्हणत होतो.

चारमिनारवाला आपल्या घरचा, म्हणून आधी तो घेऊ. आपला परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाची स्वतःची टांकसाळ होती, स्वतःचा रुपया होता. त्याला म्हणायचे हाली, म्हणजे सध्या चालतो तो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात, यंत्रावर पाडलेल्या रुपयावर चारमिनार आला. खरं तर चारमिनार निजामांनी बांधलेला नाही. तो त्यांच्या आधीच्या कुतुबशाहीतला, १५९१ चा. पण हैदराबाद म्हटलं की डोळ्यासमोर येतो तोच, म्हणून तोच घेतला. राजाचा चेहरा घातला नाही, कारण मुसलमान राजांच्या नाण्यांवर चेहरा घालण्याची चाल जवळजवळ नव्हतीच. मग राजा कुठे आहे? नाणं उजेडात धरून चारमिनारची मधली कमान बघा. तिच्यात एक अक्षर उभं असतं. महबूब यांच्या नाण्यावर 'मीम', म्हणजे म. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आले, त्यांच्या नाण्यावर 'ऐन', म्हणजे उस्मानमधलं पहिलं अक्षर. राजा दारात उभा आहे, पण एका अक्षरापुरता. मावशींच्या दोन्ही नाण्यांत ऐन निघाला. हे आम्हाला एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी वाचून दाखवलं. आम्ही इतकी वर्षं त्या अक्षराला नक्षी समजत होतो.

हैदराबादच्या कित्येक नाण्यांवर ९२ हा आकडाही असतो. सर म्हणाले, त्याला किंमत समजू नका. अरबी अक्षरांना आकडे दिलेले असतात. मोहम्मद या नावात म चे ४०, ह चे ८, परत म चे ४० आणि द चे ४. करा बेरीज. आमच्या खजिनदार ताईंनी बोटांवर लगेच केली. देवाधर्माचं नाव असं बेरजेतून नाण्यावर आलेलं.

आता राणीछाप. इंग्रजांचा रुपया यंत्रावर पडायचा, आणि कळ म्हणजे यंत्र, म्हणून तो कलदार. हा शब्द आपल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. कलदार एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रामचा, आणि शंभरात जवळपास ९२ भाग चांदी. हाली थोडा हलका आणि त्यात चांदीही कमी. म्हणून १०० कलदार घ्यायचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. सरळ सांगायचं तर सात हाली म्हणजे सहा कलदार.

आपलं पूर्णा पडलं रेल्वेचं जंक्शन. इथून मनमाडच्या बाजूनं निजामाची हद्द ओलांडली की कलदार, वऱ्हाडात गेलं तरी कलदार. पलीकडच्या बाजारात सरकी, कापूस विकून आलेल्याच्या कमरेला एक पैसा आणि घरच्या गाडग्यात दुसरा. बदलून घेताना मधला माणूस जे कापून घ्यायचा, तो बट्टा. कुणाच्या नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो ना, तो हाच. जुन्या काळी नाणं झिजलं, परक्या राज्याचं निघालं, कधी नुसतं मागच्या सालाचं असलं, तरी सराफ बट्टा घ्यायचा. नाणं चांदीचं होतं, पण त्याला पूर्ण किंमत मिळायची ती वरचा छाप कुणाचा आहे ते बघून. मैत्रिणींनो, ही गोष्ट धरून ठेवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

राणी म्हणजे व्हिक्टोरिया. १८४० पासून तिचा चेहरा रुपयावर आला, १८७७ पासून 'राणी'च्या जागी 'सम्राज्ञी' आलं. तुमच्या घरच्या राणीछापावर १८६२ साल असेल तर हरखून जाऊ नका. पुढची बारा वर्षं टांकसाळीनं तेच साल छापलं, म्हणून ते घरोघर सापडतं. बोडक्या डोक्याचा तिचा मुलगा एडवर्ड आणि दाढी-मुकुटवाला नातू पाचवा जॉर्ज.

या जॉर्जची एक गंमत आहे. १९११ मध्ये त्याचा पहिला रुपया आला. राजाच्या अंगावरच्या झग्यात एक साखळी आणि साखळीत बारीक हत्ती कोरलेला. पण सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. विशेषतः मुसलमान समाजात मोठी नाराजी पसरली, हा रुपया हातात कसा धरायचा म्हणून. सरकारला ते रुपये परत घेऊन वितळवावे लागले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्याला बाजारातल्या माणसाच्या मनापुढे नमावं लागलं. नाण्यावर राजाची मर्जी चालते, पण नाणं हातात घेणाऱ्याचीही चालते.

बिनदाढीचा म्हणजे सहावा जॉर्ज, आणि मावशींच्या नाण्यावर साल १९४४. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी ठेवली होती. १९४७ ला तर रुपया निकेलचाच झाला. म्हणजे दिसायला सारखेच, पण राणीछापात साधारण पावणेअकरा ग्राम चांदी आणि या जॉर्जात सहाच्या आत. सगळी माळ एका भावानं धरली तर या एका नाण्यात सराफाचं नुकसान आणि बाकी सातांत मावशींचं. खरं आहे ते सांगितलं पाहिजे.

राहिला तो अक्षरांचा. कुणालाच ओळखू येईना. सरांनी भिंग लावलं आणि म्हणाले, बादशाह शाह आलमचं नाव दिसतंय. आम्ही म्हटलं, म्हणजे दिल्लीचा? मग त्यांनी नाणं फिरवलं आणि एका कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे अंकुश होता. माहूत हत्तीला आवरतो तो अंकुश, आपल्या गणपतीच्या हातातला.

हा पुण्याचा अंकुशी रुपया. पेशव्यांच्या काळातला. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावरही काही वर्षं इंग्रजांनी पुण्यात तो पाडणं चालू ठेवलं होतं. तेव्हा यंत्र नव्हतं. चांदी वितळवून ठराविक वजनाचा तुकडा करायचा, खाली एक ठसा, वर एक ठसा, आणि वरून घण. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, म्हणून मजकूर कधीच पुरता उमटत नाही. एका नाण्यावर अर्धं नाव, दुसऱ्यावर उरलेलं.

पण पेशव्यांच्या पुण्यात दिल्लीच्या बादशहाचं नाव कशाला? शाळेत आपण शिकलो की शिवाजी महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेक केला आणि स्वतःची नाणी पाडली. सोन्याचा होन, तांब्याची शिवराई, त्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति'. ते खरंच. पण होन सोन्याचा, शिवराई तांब्याची. चांदीचा रुपया हा उत्तरेकडून आलेला. शेरशाह सूरीनं सोळाव्या शतकात तो बांधला, मुघलांनी देशभर नेला. सुरतेपासून काशीपर्यंत सावकार तो ओळखायचे तेच बादशहाच्या मजकुरानं. पुढे दिल्लीची सत्ता नावापुरती उरली, मराठ्यांचे घोडे दिल्लीत जाऊन आले, तरी रुपयावरचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बट्टा लागला असता. म्हणून नाव बादशहाचं ठेवायचं आणि कोपऱ्यात आपली खूण करायची.

या कोपऱ्यातल्या खुणेनं आम्हाला एका बाईपर्यंत नेलं. त्या तुमच्याही ओळखीच्या आहेत.

अहिल्याबाई होळकर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या, जन्म १७२५. नवरा खंडेराव १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात गेले. सासरे मल्हारराव १७६६ ला, मुलगा मालेराव १७६७ ला. एवढं सगळं गेल्यावर त्यांनी राज्य हातात घेतलं आणि १७९५ ला जाईपर्यंत नर्मदेकाठी महेश्वरातून चालवलं. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी पुन्हा उभं केलं. आपल्या शेजारचं औंढा नागनाथ, जे आधी परभणी जिल्ह्यातच होतं, तिथल्या जीर्णोद्धाराशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. हे आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो. त्यांच्या रुपयाबद्दल मात्र भाषणात कुणी बोलत नाही.

महेश्वरच्या टांकसाळीतला त्यांचा रुपया घ्या. मजकूर फारसीत, नाव शाह आलमचं. अहिल्याबाईंचं नाव कुठेच नाही. आणि त्या फारसी अक्षरांच्या मधोमध शिवलिंग आणि बेलाचं पान. बस, एवढंच. मुसलमान बादशहाचं नाव आणि महादेवाचं बेलपान एकाच रुपयावर, आणि त्या रुपयानं बाजार चालला.

आमच्यातली एक तरुण सून लगेच म्हणाली, "मग त्यांनी सोताचं नाव का नाही टाकलं? बाई म्हणूनच ना?" प्रश्न चांगला आहे. बाईचं नाव नाण्यावर आलंच नव्हतं असं नाही. त्यांच्या दीडशे वर्षं आधी जहांगीर बादशहानं बेगम नूरजहानचं नाव रुपयावर घातलं होतं, १६२४ पासून तीन-चार वर्षं. पण ते नवऱ्याच्या नावाबरोबर, आणि १६२७ ला नवरा गेला तसं नावही गेलं. अहिल्याबाईंनी नाव घातलं नाही, पण पेशव्यांनी, शिंद्यांनी, इतर सरदारांनीही स्वतःची नावं घातली नव्हती. त्यामुळे बाई म्हणून मागे राहिल्या, असं आम्हाला वाटत नाही. आमच्या मते त्यांनी बाजाराला हवं ते बाजाराला दिलं आणि आपल्याला हवं ते कोपऱ्यात ठेवलं. आणि ठेवलं तेही कसं, की अक्षर न येणाऱ्या बाईलाही ओळखू यावं. बेलपान कुणाला शिकवावं लागतं?

दूर देशी याच काळात दुसरी एक राणी होती, तिच्याशी तुलना केल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. युरोपात हंगेरी नावाचा देश आहे. तिथे पंधराव्या शतकात राजा मात्याशनं चांदीच्या नखाएवढ्या नाण्यावर लेकरू घेतलेली मरियम घातली, येशूची आई. सोबत अर्थ असा, की ही आमच्या देशाची राखणकर्ती. आपल्या गावच्या मरीआईसारखी, वेशीवर बसून गाव राखणारी. पुढे १५२६ ला मोहाचच्या लढाईत तुर्कांनी तिथल्या तेव्हाच्या राजाला हरवलं, नंतर राजधानी गेली, देशाचे तुकडे झाले. पण उरलेल्या भागात जे राजे आले, परक्या घराण्याचे, त्यांनीही नाण्यावरून लेकुरवाळी हटवली नाही. लोक राजाला परका म्हणतील, पण तिला कोण परकी म्हणणार? म्हणजे मुद्दा तोच निघाला. नवा मालक जुन्या खुणेच्या आडून घरात येतो.

तिथे १७४० ते १७८० मारिया थेरेसा राणी होती. अहिल्याबाईंपेक्षा आठ वर्षांनी मोठी, बापामागे राज्य सांभाळलेली, सोळा लेकरांची आई. तिच्या हंगेरीतल्या नाण्यांवर एका बाजूला तिचा स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला मरियम. तिचा चांदीचा एक मोठा रुपया अरबस्तान आणि आफ्रिकेतल्या बाजारात इतका मानला गेला की ती गेल्यावरही १७८० हेच साल घालून तो पाडत राहिले. बाजार दुसरं साल घेईना. दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही ही राणी पडली. दीडशे वर्षांपूर्वी वारलेली बाई, आणि मुंबईत तिच्या चेहऱ्याची नाणी! सावकाराच्या मनात एकदा छाप बसला की बसला.

इकडे आपल्या बायकांनी या सगळ्या राजा-राण्यांचं काय केलं? कडी लावली आणि गळ्यात घातलं. पुतळ्यांची माळ तुम्हाला माहीत आहे. ती पुतळी मूळची इटलीतल्या व्हेनिस शहरातलं सोन्याचं नाणं, त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख. आपल्याकडे आली आणि त्यातली माणसं पाहून पुतळी झाली. सोनारांनी मग आपल्या देवदेवता घालून तशाच पुतळ्या घडवल्या. बँक नव्हती, जमीन बाईच्या नावावर नव्हती, गाडग्यातला पैसा नवरा मागायचा. गळ्यातला मागायला त्यालाही जरा अडखळायला व्हायचं. माळ ही आपल्या गटाआधीची बचत होती.

आता मावशींचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही दोघीजणी त्यांच्यासोबत आणखी दोन सराफांकडे गेलो. नाणी वेगवेगळी तोलायला लावली. पाच राणीछाप, एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज एकत्र, निम्म्या चांदीचा वेगळा, चारमिनार वेगळे. सात कलदारांचं वजन ८१ ग्रामला थोडं कमी भरलं. नवे असते तर साडेएक्याऐंशीच्या वर भरले असते, उरलेली झीज. एक सराफ चिडला, दुसऱ्यानं नीट कागदावर लिहून दिलं. पहिल्या आकड्यापेक्षा बरे पैसे आले. राणी आणि तीन राजे मिळून दोन हप्ते फिटले. तिसऱ्याला मुदत द्यायचा ठराव गटानं वहीत लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. दोन चारमिनार मावशींनी मोडले नाहीत, ते सासऱ्यांना पहिल्या कापसाचे मिळालेले होते म्हणे. अंकुशवाला सुनेकडे दिला. त्याला कडी जोडलेली असल्यानं जुन्या नाण्यांचा शौकीन त्याला फार किंमत देणार नाही, हे आम्ही त्यांना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाही दिली तर नाही. गणपतीचा हाय तो."

तुमच्या घरी अशी माळ किंवा सुटी नाणी असतील तर चिंचेनं, राखेनं घासू नका. कमानीतलं ते अक्षर, कोपऱ्यातलं पान तेवढ्यानं पुसतं. मोडायचीच वेळ आली तर आधी साल बघा, नाणी वेगवेगळी तोला आणि वजन लिहून मागा. आणि नांगरताना, पाया खणताना गाडगं सापडलं तर ते गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं धन कलेक्टरांना कळवावं लागतं, लपवलं तर शिक्षा होते.

पुढच्या बैठकीला सर परत येणार आहेत, भिंग घेऊन. फारसी अक्षरांचं नाणं असेल तर रुमालात गुंडाळून आणा. कोपऱ्यात काय आहे ते आपण मिळून बघू.